खोळीखालचे चार दिवस

मी हवा मोजणारं यंत्र बोलतोय. आबिड्समधल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझा मुक्काम आहे. डोक्यावर कुणीतरी फुटकी बादली ठेवली आहे, तेव्हा आवाज जरा दबका येईल, सांभाळून घ्या. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही. ज्याच्या पोटातून दिवसाला चोवीस घनमीटर हवा जाते, त्याला तुमच्या शहराचं कौतुक कुठून असणार?

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. डोक्यावर गोल छत्री, तिच्याखाली नळी, नळीत ग्रीस लावलेली छोटी चकती, आणि त्याखाली पाणीपुरीच्या पुरीएवढा पांढराशुभ्र फिल्टर. पंप सुरू झाला की मी तासाला बरोबर एक घनमीटर हवा ओढतो. जाड धूळ ग्रीसला चिकटते. डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ, जी तुमच्या छातीत थेट तळापर्यंत जाते, ती फिल्टरवर बसते. माझे थोरले भाऊबंद माझ्या साठपट हवा गिळतात आणि पिठाच्या गिरणीसारखे गुरगुरतात. मी हळू ओढतो, रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या बेतानं.

आकडा मात्र मी सांगत नाही. कोरा फिल्टर आधी तोलायचा, चोवीस तासांनी भरलेला पुन्हा तोलायचा. जो फरक, ती धूळ. फरक तरी केवढा, तर दोन-अडीच मिलिग्रॅमचा. त्यामुळे तोलणारं माणूस सरळ लागतं. कारखान्यानं माझ्या खोक्यात सगळे सुटे भाग घालून दिले होते, हा एवढा एक ज्याचा त्यानं शोधायचा होता.

मला विकत घेतलं हिम्मतरावांनी. परभणीकडून येऊन इथे त्यांनी दोन खोल्यांची प्रयोगशाळा थाटली. बोअरचं पाणी, जनरेटरचा धूर, कारखान्याचा आवाज, जे म्हणाल ते मोजून मिळतं. गिऱ्हाईक दारात आलं की ते खुर्चीतून अर्धे उठतात आणि विचारतात, "रिपोर्ट कशासाठी पाहिजे?" मला आधी वाटायचं, माणूस चौकस आहे. पुढे कळलं, कशासाठी पाहिजे त्यावर आकडा किती यावा ते ठरत असे.

त्या जागेत निशिगंधा ही एकच व्यक्ती अशी होती जिच्याबद्दल मी बरं बोलणार आहे. तिचे वडील तातेराव नांदेडकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून आले आणि इथेच निवृत्त झाले. पोरीनं विद्यापीठातून एमएस्सी केलं आणि वर्षभराच्या कच्च्या नोकरीवर इथे लागली. फिल्टरला ती कधी बोट लावायची नाही, चिमट्यानंच उचलायची. तोलण्याआधी चोवीस तास तो कोरड्या पेटीत ठेवायचा म्हणजे ठेवायचा. हिम्मतराव बाहेरून कितीही ओरडले तरी तेविसाव्या तासाला पेटी उघडत नसे. तराजूचं काचेचं दार लावून ती श्वास रोखून उभी राहायची. अशा माणसाच्या हाती काम करताना यंत्रालाही बरं वाटतं.

डिसेंबरात तारनाक्याच्या एका सोसायटीचं काम आलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पाडलेल्या घरांचा राडारोडा आणून क्रशरमध्ये भरडत होते. रहिवाशांना प्रदूषण मंडळाकडे तक्रार करायची होती, त्यासाठी आठ दिवसांची मोजणी हवी होती. हिम्मतरावांनी निशिगंधाला सांगितलं, या रिपोर्टवर सही तुझी. काम नीट उरकलं की एक तारखेपासून तू पक्की. आतापर्यंत तिच्या मोजणीवर दुसऱ्यांच्या सह्या होत होत्या. तिनं घरी फोन करून तातेरावांना सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता, आणि माझ्या पायांचे स्क्रू तिनं त्या दिवशी दोनदा आवळले.

मला चौथ्या मजल्याच्या वर, गच्चीवर उभं केलं. तिथे मला माणूस नावाचा प्राणी जवळून पाहायला मिळाला. एका आजींनी मला मोबाइलचा टॉवर ठरवून सांडग्यांचं ताट दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. एका गृहस्थांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं, यानं हवा किती दिवसांत साफ होईल? धुळीनं जीव नकोसा झालाय म्हणणारे खाली एसी लावून गाडी अर्धा अर्धा तास चालू ठेवत. वॉचमन रोज सकाळी झाडलेला पाला कुंपणापाशी पेटवायचा आणि धूर वर आला की सगळी सोसायटी क्रशरला शिव्या घालायची. क्रशर काही सज्जन नव्हता म्हणा, पण यांच्यात तरी कोण होतं?

सोसायटीचे सेक्रेटरी होते उदय. मूळ पुण्याचे, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. पहिल्या चार दिवसांचे आकडे आले: शहाण्णव, एकशे चार, एकशे अठरा, एकशे नऊ. हे घनमीटरमागचे मायक्रोग्रॅम, आणि कायद्याची मर्यादा साठ. उदयरावांना झालेला आनंद मी काय वर्णावा. ग्रुपवर लाल आकडे टाकून झाले, मंडळाला पाठवायच्या पत्राचा मसुदा झाला. "डेटा आहे आपल्याकडे," ते ज्याला त्याला सांगत, "डेटाशी कोणी वाद घालू शकत नाही." हवा इतकी घाण निघाल्याबद्दल इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पाचव्या दिवशी माझ्या आयुष्यात उदयरावांच्या पत्नी आल्या, रंजनाताई. बाई मनानं वाईट नाही, हे मी कबूल करतो. पण त्यांच्या घरात उघडी वस्तू म्हणून नाही. फ्रीजच्या मुठीला कपडा, रिमोटला प्लॅस्टिक, मिक्सरला झालर, वॉशिंग मशीनला झगा. गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला आल्या आणि माझी छत्री चार दिवसांत करडी पडलेली त्यांना दिसली. एवढं महागाचं मशीन, आणि कोणी काही पांघरूण घालत नाही, असं हळहळत त्या खाली गेल्या. तासाभरात त्यांनी जुन्या रजईच्या दुहेरी कापडाची, जांभळ्या फुलांची, खाली इलॅस्टिक लावलेली खोळ शिवून आणली आणि माझ्या डोक्यावर घट्ट बसवली.

धूळ मोजणाऱ्या यंत्राला धूळ लागू नये म्हणून खोळ. शहाण्यासुरत्या माणसांनी केलेल्या पुष्कळ गोष्टी मी पाहिल्या आहेत, पण याला तोड नाही.

निशिगंधाला हे दिसलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. रंजनाताईंची शिस्त. सकाळी आठला त्या खोळ काढून धुवायला न्यायच्या. नवाला निशिगंधा यायची, फिल्टर बदलायची, साडेनवाला जायची. दहाला धुतलेली दुसरी खोळ डोक्यावर. हो, दोन शिवल्या होत्या. मी आत गुदमरत होतो. हवेचा ठरलेला वेग राखायला पंप रात्रंदिवस धापा टाकत होता, आणि हवा मिळत होती ती रजईतून गाळलेली.

फिल्टर पांढरेच राहू लागले. पाचव्या दिवसाचा आकडा आला अठ्ठेचाळीस. उदयराव हिम्मतरावांवर फोनवरून चिडले. मशीन बिघडलंय, दुसरं पाठवा म्हणाले. सहाव्या दिवसाचा आला चव्वेचाळीस, तेव्हा मात्र त्यांनी दुसरं यंत्र मागितलं नाही. मधल्या दिवसात त्यांच्या घराला गिऱ्हाईक लागलं होतं. ऑफिसजवळ, गच्चीबावलीकडे राहायला जायचं त्यांचं कधीपासून चाललं होतं. सोसायटीला मात्र पत्ता नव्हता. कुंड्यांपाशी उभं राहून ते दलालाशी हळू आवाजात बोलत, ते फक्त मी ऐकत होतो.

गिऱ्हाईक म्हणजे नामदेवराव, रेल्वेचे निवृत्त गार्ड. त्यांना दम्याचा जुना त्रास. रेल्वेचं इस्पितळ जवळ म्हणून त्यांना तारनाक्यातच घर हवं होतं, आणि शेजारचा क्रशर पाहून ते कचरत होते. मग काय, ज्या यंत्राला उदयराव बिघडलेलं म्हणत होते ते एका रात्रीत सुधारलं. त्यांनी हिम्मतरावांना समजावलं की बेसिकली पहिले चार दिवस मशीन सेट होत होतं, खरा डेटा नंतरचा. हिम्मतरावांना फार समजावावं लागलं नाही.

निशिगंधाला मात्र चैन पडेना. फिल्टर हलका आणि माझ्या पंपावरचा ताण चढलेला, हे गणित तिला जुळत नव्हतं. धूळ कमी असेल तर यंत्राला धाप कसली? नवव्या दिवशी सकाळी, शेवटचा फिल्टर काढताना, तिनं माझी ग्रीसची चकती भिंगाखाली धरली. तिथे एक बारीक जांभळा धागा चिकटलेला होता. ती नेहमीसारखी निघून गेली आणि दुपारी एक वाजता, कधी न येणाऱ्या वेळी, गच्चीचं दार ढकलून उभी राहिली. मी खोळ घालून तिच्यासमोर होतो. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

खोळ काढून ती आबिड्सला परतली आणि हिम्मतरावांसमोर ठेवली. तिथलं बोलणं कपाटातल्या आवाज मोजणाऱ्या यंत्रानं मला मागाहून सांगितलं. चारही दिवस बाद धरा, सर, आणि मोजणी पुन्हा घेऊ, असं तिचं म्हणणं होतं. हिम्मतरावांनी खोळ उलटीपालटी करून पाहिली, शिलाई चांगली आहे म्हणाले. यंत्र पुढच्या आठवड्यात दुसरीकडे द्यायचं होतं. पुन्हा मोजणी वगैरे काही नाही. शेवटच्या चार दिवसांची सरासरी काढायची, साठच्या आत, विषय संपला.

"सर, त्या चार दिवसांत मशीननं हवा ओढलीच नाही, गोधडी ओढली," ती म्हणाली. "त्याच्यावर मी सही कशी करू?"

"हे बघ बेटा, खोळ तू घातलीस का? नाही. मी घातली का? नाही. गिऱ्हाईकाच्या बायकोनं घातली, गिऱ्हाईक खूश आहे. तू कायको परेशान होतीस? सही कर, एक तारीख जवळ आहे."

तिनं सही केली नाही, नाही असंही म्हटलं नाही. कागद तसाच टेबलावर राहिला. हिम्मतरावांनी दोन दिवस विचार कर म्हटलं आणि उदयरावांना फोनवर सांगून टाकलं की काम झालंच समजा.

रविवारी ती मला उतरवायला गच्चीवर आली. माझी छत्री सोडवत होती तेवढ्यात उदयराव वर आले, मागून रंजनाताई, आणि त्यांच्या मागून दर पाच पायऱ्यांना थांबत नामदेवराव आणि त्यांच्या पत्नी सुलभाबाई. उदयरावांच्या हातात हिम्मतरावांनी पाठवलेली बिनसहीच्या रिपोर्टची प्रत होती. गच्चीवरून विद्यापीठाची झाडी कशी दिसते ते दाखवून झालं. क्रशरला रविवारची सुट्टी होती. हवा अगदी साध्याभोळ्या चेहऱ्याची होती. मग उदयरावांचं लक्ष निशिगंधाकडे गेलं आणि त्यांना हुरूप आला. या लॅबच्या मॅडम, यांनीच मोजलंय, यांनाच विचारा, असं ते स्वतःहून म्हणाले. पक्क्या नोकरीच्या उंबरठ्यावरची पोर काय बोलणार, याची त्यांना खात्री होती.

नामदेवराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले. दम परत येईपर्यंत त्यांनी माझ्या नळीला धरलं होतं.

"खरं सांग माय," ते म्हणाले. "मला ह्या छातीनं लई छळलंय. इथं निभंल का माझं?"

निशिगंधानं उदयरावांकडे पाहिलं नाही. तिनं पिशवीतून दोन काचेच्या डब्या काढल्या आणि नामदेवरावांच्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या. एका डबीतला फिल्टर काळपट, दुसऱ्यातला जवळजवळ कोरा.

"काका, हा काळा आहे तो खरा आहे. हा पांढरा आहे तेव्हा मशीनच्या तोंडावर कापड होतं. मर्यादा साठची आहे, इथे शंभराच्या वर येतंय. तुमच्या छातीला ही जागा बरी नाही."

मला वाटतं, त्या गच्चीवर इतकं सरळ वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं. रंजनाताईंचा चेहरा पडला. मशीन स्वच्छ राहावं म्हणून मी घातली, यात माझं काय चुकलं, असं त्या सुलभाबाईंना सांगू लागल्या. सुलभाबाई ऐकत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. उदयरावांनी हातातल्या प्रतीची घडी घातली. नामदेवरावांनी डब्या परत दिल्या आणि म्हणाले, लिहून दे. तिनं कागदाच्या एका बाजूला पहिले चारही आकडे तारखांसकट लिहिले, खोळीचे चार दिवस बाद असं लिहिलं आणि खाली सही केली. पूर्ण नावाची, वळणदार सही. तातेरावांना दाखवायची ती पहिली सही नामदेवरावांच्या खिशात गेली.

मी कधी नव्हे तो खूश झालो होतो. एका माणसाचा जीव वाचला, आणि तो माझ्या चकतीएवढ्या फिल्टरमुळे वाचला. जिन्याच्या दाराशी नामदेवराव थांबले आणि खिशावर हात ठेवून उदयरावांकडे वळले.

"आता घराच्या भावाचं परत बोलावं लागंल मग," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत सौदा झाला. हो, घेतलं त्यांनी ते घर. खिडक्या बंद ठेवू म्हणाले असतील, किंवा इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळतंय कुठे, असं म्हणाले असतील. उदयराव गच्चीबावलीला गेले. मंडळाकडे जायचं ते पत्र मसुद्यातच राहिलं, कारण सेक्रेटरीच गेला आणि बाकीच्यांना टायपिंग येत नव्हतं. शंभराच्या वरचा आकडा पाहून माणसानं पळावं, तर माणूस बसून घासाघीस करतो. तुमच्याबद्दल माझं मत चांगलं नाही म्हणालो, ते काय उगाच?

निशिगंधाची एक तारीख आली नाही. हिम्मतराव तिला ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त सध्या काम कमी आहे म्हणाले. शेवटच्या दिवशी तिनं माझी चकती पुसली, नवं ग्रीस लावलं, नळ्यांत गळती नाही ना ते तपासलं आणि माझ्या वहीत लिहिलं: यंत्र व्यवस्थित, दोष यंत्राचा नाही. मग कपाटाच्या वरच्या, चांगल्या कप्प्यात मला ठेवून ती गेली. जांबबागेतल्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकं घेते असं ऐकतो. माझ्याएवढा तिचा भरवसा दुसऱ्या कुणाला नव्हता, आणि मला तर साधं 'थांब' म्हणता येत नव्हतं.

तिच्यानंतर मी खालच्या कप्प्यात आलो. हिम्मतरावांनी एक छोटी पांढरी डबी आणली आहे. ती मोबाइलवर हिरवा-पिवळा आकडा दाखवते, तोलायला नको, थांबायला नको. गिऱ्हाइकांना ती फार आवडते. मला त्रासाचं यंत्र म्हणतात.

आणि हे सगळं तुम्हांला आजच सांगावंसं का वाटलं, तर थोड्या वेळापूर्वी जिन्यात धाप ऐकू आली. दोन मजले चढायला त्या माणसाला इतका वेळ लागला की हिम्मतरावांचा चहा निवला. नामदेवराव होते. सुलभाबाई त्यांना दंडाला धरून आणत होत्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी खिशातला दम्याचा पंप दोनदा तोंडात ओढला, मग बोलता आलं. एका क्रशरचे दोन झालेत, आता अर्ज करतो म्हणाले, पुन्हा मोजून द्या. हिम्मतराव खुर्चीतून अर्धे उठले. नवीन मशीन आहे, आकडा तिथल्या तिथे, उद्याच माणूस पाठवतो, सगळं सांगून झालं.

"माणूस नको," नामदेवराव म्हणाले. "ती पोर पाठवा. सही करून दिलती ती."

ती आता इथे नसते, हिम्मतराव म्हणाले. का नसते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नामदेवरावांनी विचारलं नाही. पण नामदेवरावांची मान खाली गेली, त्यावरून त्यांना कळलं असावं. सुलभाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पैशांसाठी उघडलेली पर्स मिटली.

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

मला त्यांची कीव यायला नको होती. आली. तेव्हा तुम्हांला एकच विनवतो, आणि विनवणं माझ्या स्वभावात नाही हे ध्यानात घ्या. तुमच्या गच्चीवर कधी अशी एखादी पोर चिमटा आणि काचेच्या डब्या घेऊन आली आणि तुम्हांला नकोसा आकडा सांगून गेली, तर तो खिशात घालून बाजाराला निघू नका. धूळ बंद करा, नाहीतर जागा बदला, आणि तिची नोकरी राहील एवढं बघा. बाकी मला काही नको. डोक्यावरची बादली काढली तर बरं होईल, पण तेही राहू द्या.

नामदेवराव निघाले आहेत. खाली जायचे दोनच मजले, सुलभाबाई सोबत आहेत, आणि तरी उतरतानाही त्यांना मध्येच थांबावं लागतंय.